विहिरीजवळचं वळण

आबा, मला वाट दाखवताना तुम्ही कधी हात धरला नाही. "हात धरला का लेकरू वाट शिकत न्हाई," म्हणायचात आणि बांधावरून पुढं काठी आपटत चालायचात. त्या आवाजानं साप बाजूला व्हायचे आणि तुमच्या आंधळ्या लेकीला रस्ता कळायचा. पडक्या विहिरीपाशी काठी दोनदा वाजायची, मग आपण डावीकडे सरकायचो. एकदा मी सरळ पाऊल टाकलं तर केवढ्यानं खेकसलात! "मरायचंय का?" अजून कानात आहे.

तुम्ही गेल्यावर ती विहीर बुजवली. आता माझ्याकडं वाट सांगणारा फोन आहे. एकदा चालून दाखवलं की रस्ता लक्षात ठेवतो, गळ्यात अडकवला की पुढचा खड्डाही ओळखतो म्हणे. वारंगा फाट्यावरच्या माझ्या मसाल्याच्या दुकानापर्यंत भाऊनं त्याला वाट शिकवली, बुजवलेल्या विहिरीवरून थेट. वर म्हणाला, "एकदा जरी पडलीस ना, तर एकटीनं जाणं बंद." दुकान मी चालवते आणि हुकूम ह्याचा! असा संताप आला.

मग परवाची सकाळ. रात्रभर पाऊस झालेला, बांध निसरडा. फोनमधली बाई म्हणते, "सरळ चला." मी पाऊल उचलते आणि पुढ्यात काठी वाजते. दोनदा. "कोण हाय?" मी विचारते. बाई पुन्हा म्हणते, "सरळ चला." मी डावीकडे सरकते.

दुपारी भाऊ धापा टाकत दुकानात आला. विहिरीवरची माती खचली होती, शेजाऱ्यांची म्हैस आत गेली होती. "फोनला खड्डा दिसला व्हय गं?" त्यानं विचारलं, आणि माझे हात धरून रडायलाच लागला. मी व्हय म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसता.

हे सगळं मी फोनलाच सांगून लिहून घेतेय. कुणाला पाठवू, असं विचारतोय मेला. राहू दे. विहिरीत आता दगड-मुरूम भरून जागा घट्ट केलीय. आज तिथं पोचल्यावर मी फोन बंद केला, आबा, आणि मुद्दाम सरळ चालत गेले, तुम्ही एकदा खेकसाल म्हणून.