पाठीवरच्या व्रणास हात मिळणेबाबत

प्रति,
माननीय प्रमुख अधिकारी,
शस्त्रक्रियोत्तर व्रण-उपचार कक्ष,
जि. धाराशिव.

विषय : पाठीवरील व्रणास मालिश करण्यासाठी माणूस नसल्याने मार्ग काढणेबाबत व केसपेपरवरील शेरा खोडणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाने परत केलेले ‘नातेवाईक हमीपत्र’.

महोदय,

अर्जदार शांतम्मा, वय ५९, राहणार सास्तूर, ता. लोहारा, यांच्या सांगण्यावरून हा अर्ज लिहिला आहे. बाईंना सहीपुरते लिहिता येते. मजकूर सरकारी भाषेत बसवण्याचे काम अर्जलेखकाने केले असून, जिथे बाईंनी ऐकले नाही तिथे त्यांचे शब्द तसेच ठेवले आहेत.

१. अर्जदार बाईंनी तीस वर्षे बाळंतिणींना न्हाऊ घालण्याचे व तान्ह्या बाळांचे अंग चोळण्याचे काम केले. सास्तुरात आज तिशीच्या आत असलेल्या बऱ्याच पाठी या बाईंच्या हाताखालून गेल्या आहेत. गावात कोणालाही विचारून खात्री करता येईल.

२. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका घरी बाई पाय पसरून बसल्या होत्या व पायांवर नऊ दिवसांचे बाळ होते. चुलीवरून उतरवताना घरच्यांच्या हातून उकळत्या पाण्याचा हंडा निसटला. बाई बाळावर वाकल्या आणि पाणी त्यांच्या पाठीवर व उजव्या खांद्यावर आले. बाळाला थेंबही लागला नाही. ते पोर आता बाईंच्या दारावरून पळत जाते. त्याच्या घरच्यांनी महिनाभर भाकरी आणून दिली, त्यामुळे अर्जदारास त्यांच्याविषयी काही म्हणायचे नाही.

३. जखम भरली, पण कातडी आखडून हात बरगडीला चिकटल्यासारखा झाला. यंदा फेब्रुवारीत सोलापूरच्या दवाखान्यात मांडीची कातडी काढून खांद्यामागे बसवण्यात आली व हात मोकळा झाला. पुढील उपचार आपल्या कक्षाकडे आले. सूचना अशा : सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास लावणे, दाबाचे जाकीट घालणे, भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे साध्या तेलाने व्रण दाबून चोळणे. हे वर्षभर न केल्यास कातडी पुन्हा आखडेल व हात पूर्वीसारखा अडकेल, असेही सांगण्यात आले. ज्यांचे पोट हातावर आहे त्यांना हे दोनदा सांगावे लागत नाही.

४. जाकीट बाई घालतात. भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या असून बोटे अकराव्या रेघेपर्यंत जातात. पट्टी मागे लावता येत नाही म्हणून ती चटईवर उलटी ठेवून बाई तिच्यावर नेमक्या जागी पाठ टेकतात. दहातून सात वेळा ती वाकडी बसते. परंतु मालिशीला इलाज सापडला नाही. व्रण अशा जागी आहे की बाईंचा डावा हात वरूनही पोचत नाही व खालूनही पोचत नाही. अर्जलेखकाने स्वतःच्या पाठीवर करून पाहिले. ते खरे आहे.

५. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्याने बसले तेव्हा प्लॉट ऐसपैस मिळाले. पण इकडची हाक तिकडे जात नाही. तरी शेजारच्या दगडाबाई अकरा दिवस येऊन चोळून गेल्या. नंतर त्या मोरीवर साबणाने तीनदा हात धुतात, हे अर्जदाराने पाहिले. बाराव्या दिवशी बाईंनीच त्यांना सांगितले, की आता बरे आहे, येऊ नका. बाईंना फार वाईट वाटले होते, हे अर्जात लिहू नये असे अर्जलेखकाचे मत होते. बाई म्हणाल्या, “लिवा आयुबभाई. सायबाला कळू द्या.”

६. अर्जदाराचा एकुलता मुलगा ईरण्णा पुण्यात कंपनीत असून त्यास रजा मिळत नाही. त्याने मोबाईलवर व्रण दाखवण्यास सांगितले. बाईंनी मोबाईल फळीवर टेकवला व त्याच्याकडे पाठ करून बसल्या. त्याच स्थितीत त्यांनी शेतातली तूर व शेजारची म्हैस यांची हकीकत सांगितली व त्याच्या जेवणाखाणाची चौकशी केली. उत्तर येईना म्हणून वळून पाहिले, तर फोन केव्हाच कटला होता. किती वेळ एकट्याच बोलत होत्या, हे सांगता येत नाही.

७. यानंतर अर्जदाराकडून एक चूक झाली, ती त्या मान्य करतात. दाराच्या चौकटीला तेल लावून त्यांनी पाठ घासली. नवी कातडी दोन ठिकाणी सोलली. त्यावर आपल्या कक्षाने केसपेपरवर ‘रुग्ण सूचना पाळत नाही’ असा शेरा मारला व नातेवाइकाच्या सहीचे हमीपत्र आणल्याशिवाय पुढील पट्टी मिळणार नाही, असे कळवले. महोदय, सूचना पाळण्यापायीच ती कातडी गेली आहे.

८. हमीपत्रात ‘मालिश करणाऱ्या नातेवाइकाचे नाव’ असा रकाना आहे. बाई तीन वेळा आल्या व तीनही वेळा रकाना मोकळा म्हणून परत गेल्या. अर्जलेखकाने स्वतःचे नाव घालण्याची तयारी दाखवली. त्यावर बाई म्हणाल्या, “नाव घालून काय करू? नावाला हात न्हाईत.”

९. पहिल्या दिवशी आपल्या कक्षातील सोनाली सिस्टरांनी बाईंच्या पाठीवर दहा मिनिटे चोळून दाखवले होते. बाई बसल्या जागी झोपी गेल्या. सिस्टरांचा हात चांगला आहे, फक्त घाई करतात, असा बाईंचा अभिप्राय आहे व तो अनुभवाचा समजावा.

१०. तरी विनंती अशी. शेरा खोडावा. तसेच आपल्याकडे दर मंगळवारी इतर रुग्णांच्या नातेवाइकांना मालिश शिकवतात, ती उशीवर शिकवतात असे कळते. उशीला दुखते कुठे, दाब किती हवा, हे उशी सांगत नाही. अर्जदार सांगू शकतात. सबब उशीऐवजी अर्जदार बाईंची पाठ घ्यावी. मंगळवारचे भागले, तर बाकीचे दिवस त्या भिंतीवरच्या रेघांवर निभावतील. सकाळच्या एसटीने त्या वेळेवर हजर राहतील. शिकाऊ माणसांनी साबण जवळच ठेवला तरी चालेल. आणि नवख्या हातांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर अर्जदाराची काहीही हरकत राहणार नाही.

मंगळवारची वाट पाहत,

(सही) शांतम्मा

लेखन : आयुब, अर्जलेखक, तहसीलसमोर, लोहारा
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) केसपेपरची प्रत, शेऱ्यासह.
२) व्रणाचा फोटो. (काढणार कोणी नसल्याने जोडलेला नाही.)
३) नातेवाईक हमीपत्र, रकाना मोकळा.