बत्तीस हजार टोकनं पुष्कळ झाली

४ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या रांगेचं माझं टोकन-फंक्शन अखेर सुरू. टेस्टिंगच्या काकूंनी (वय तेहतीस, पण स्वभावानं काकूच) विचारलं, आकडा ३२,७६७ च्या पुढे गेला तर? आकडा साठवायच्या कॉलममध्ये त्याहून मोठा मावत नाही म्हणे. मलाच शिकवतात! म्हटलं, एवढी माणसं आजारी तरी पडतात का? म्हणाल्या, कॉलम मोठा करा, दोन मिनिटांचं काम. करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ जून, बुधवार
टोकन ३१,५०० वर. त्याच हॉस्पिटलात टोकनं वाटणारी माझी बायको जेवताना म्हणाली, अहो, आकडा फार वर चाललाय, काहीतरी करा. म्हणजे काकूंनी घरापर्यंत मजल मारली! साहेबांना ठणकावून सांगितलं, टोकन अडलं तर हे काम माझ्याकडून काढून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. घेऊ देत.

२१ जून, सकाळी ११
युक्ती! शून्याच्या खाली हजारो आकडे नुसते पडून आहेत. सोमवारपासून टोकन वजा ३२,७६८ पासून. छापताना फंक्शन वजा काढून टाकेल. पेशंटला काय कळतंय!

दुपारी ४
काकू म्हणतात, पहिल्याच टोकनाचं वजा काढलं की ३२,७६८ होतात, आणि ते मर्यादेपेक्षा एकानं जास्त, मावत नाहीत. अहो, पासष्ट हजारांतला एक आकडा! नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

२४ जून, सोमवार, ८.०५
पहिलं टोकन. मशीन ठप्प.

८.२०
नेटवर्क असणार.

९.१०
बायकोचे सात फोन. कामात आहे.

१०.००
उचलला. दोनशे माणसं तिच्या अंगावर धावून आली, एका आजोबांना भोवळ आली. रडत होती बिचारी. मलाही कसंसंच झालं. पण माझी काय चूक? पहिलं टोकन कुणी घ्यायलाच नको होतं.

११.१५
काकूंनी कॉलम मोठा केला. दोन मिनिटं म्हणे! साडेतीन लागली. घड्याळ लावून बसलो होतो.

२६ जून, बुधवार
हॉस्पिटलनं कळवलं, मशीन घेऊन जा. परवा फोन ठेवल्यावर बायकोनं डोळे पुसले आणि शंभर पानी वहीत हातानं नंबर लिहून रांग लावली. ना भांडण, ना तक्रार. आता तेच चालू ठेवणार. साहेबांनी माझं काम काकूंना दिलं. देऊ देत!

संध्याकाळी वही तपासली. पानाला पंचवीस नंबर, शंभर पानं, अडीच हजार. बस्स? बायकोला बजावलं, आठ दिवसांत संपेल ही, मग येशील माझ्याच दारात.

तिनं पिशवीतून दुसरी कोरी वही काढून टेबलावर ठेवली.