उंबऱ्यावरची पोळी

बाबा, माझ्या घरात कुत्र्याचं पिल्लू आलं आहे. घर म्हणजे बिबवेवाडीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तो तुम्ही पाहिला नाहीत, आणि पाहिला असतात तर आधी भिंतीवर टिचक्या मारून ती आतून पोकळ आहे का ते ऐकलं असतंत. पिल्लू अजून ठेवून घेतलेलं नाही. आणलं आहे फक्त. विकणाऱ्याशी बोलणं झालं आहे की रविवारपर्यंत काही खोट निघाली तर तो परत घेईल. तेव्हा लगेच कपाळाला आठ्या घालू नका. मी तुमचीच मुलगी आहे आणि खोट शोधण्याचं काम चालू आहे.

तुम्ही कारखान्यात इन्स्पेक्शनला होता आणि घरी आल्यावरही इन्स्पेक्शनलाच असायचा. दुधाचा थेंब नखावर घेऊन तो किती पळतो ते बघायचात. नारळ कानाशी हलवायचात, मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचात, मग पुन्हा हलवायचात. कोणी पेढे घेऊन आलं, कोणी लग्नाचं बोलावणं केलं, शेजाऱ्यांनी नळाची पाळी आपण होऊन सोडली, तरी तो माणूस जिना उतरून जाईपर्यंत तुम्ही गप्प असायचात आणि मग आईला विचारायचात, "यात त्याचा काय फायदा?" आई म्हणायची, प्रत्येकाचा फायदाच असतो असं नाही. तुम्ही म्हणायचात, असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच. कारखान्यात परदेशी कंपनी भागीदार म्हणून आली आणि सुटे भाग आपोआप तपासणारं मशीन बसलं, तेव्हा मशीनने पास केलेला माल तुम्ही पुन्हा हाताने तपासत बसायचात. साहेबांनी हटकलं तर म्हणालात, मशीन पास म्हणतंय, पण मशीनला पास कोणी केलं? हे तुम्ही जेवताना फार समाधानाने सांगितलं होतंत.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला तुमचं जुनं गेज दिलंत. बोटभर लांबीचा लोखंडी दांडा, एक टोक हिरवं, एक लाल. हिरवं टोक सुट्या भागाच्या भोकात जायलाच हवं आणि लाल जाताच कामा नये. लाल गेलं की माल रिजेक्ट, मग तो दिसायला कितीही देखणा असो. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर झाले आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढते, हे समजावून सांगताना मला वाटलं होतं की तुम्ही नाक मुरडाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "मग हे तुझ्या कामाचं." माझ्या आयुष्यात तुम्ही काही न विचारता दिलेली ती एकच वस्तू. अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला असते.

पिल्लाची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो अमरावतीचा, तुम्ही गेल्यानंतर भेटला. रिक्षावाला सांगेल ते भाडं देतो आणि वर त्याच्या मुलांची चौकशी करतो, असा माणूस. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवते आहे, पुढच्या महिन्यात, निदान सहा महिन्यांसाठी. ते सांगितलं त्याच आठवड्यात त्याने पिल्लाचा विषय काढला. तो विषय मी किती बाजूंनी उलटापालटा करून पाहिला असेल हे तुम्हीच समजू शकाल. माणूस दूर जाताना बायकोला कुत्रा का देतो? मी रात्री-अपरात्री फोन करू नये म्हणून? सहाचे बारा महिने होणार आहेत हे त्याला आधीच माहीत आहे म्हणून? शेवटी सरळच विचारलं. तो म्हणाला, "तू दार उघडशील तं कोणी तरी धावत यावं, म्हणून." त्या वाक्यात मला काही सापडेना. न सापडणं हे माझ्या धंद्यात चांगलं लक्षण नसतं, त्याचा अर्थ तपासणी अपुरी झाली एवढाच.

तर आम्ही कात्रजच्या पुढे गेलो. विकणारा शेतकरी घरातला, जमिनीवर आता इमारती उठल्या आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर तो लॅब्रॅडॉरची पिल्लं वाढवतो. मी आधी पिल्लाची आई दाखवा म्हटलं. ती दाखवल्यावर तीच याची आई कशावरून, म्हटलं. मग पिल्लाच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा टाकून त्याला ऐकू येतं का ते पाहिलं, हिरड्यांचा रंग पाहिला, पोटाला हात लावून जंत असतील का याचा अंदाज घेतला. तो माणूस तंबाखू मळत शांतपणे बघत होता. म्हणाला, "ताई, कुत्रं न्यायला आलाय का सून बघायला? खोटं निघालं तर रविवारपतुर परत आना. आपलं तोंड हितंच हाय." एवढ्या सहज परत घेतो म्हणाला म्हणून मला आणखीच संशय आला. घरी येताना पिल्लू माझ्या मांडीवर इतकं गाढ झोपलं की याला गुंगीचं औषध तर पाजलं नाही ना, या विचाराने मी कात्रजच्या सिग्नलवर त्याला हलवून जागं केलं. ते जागं झालं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा झोपलं.

तयारी मी आधीच करून ठेवली होती, अगदी नवीन प्रॉडक्ट बाजारात सोडण्यापूर्वी करतात तशी. चपलांचं कपाट वर उचललं, वायरी भिंतीला चिकटवल्या, फिनेल आणि झाडांची खतं माळ्यावर टाकली, बाल्कनीत वर्तमानपत्रं अंथरली. लसीकरणाच्या कार्डावरचा शिक्का खरा आहे का ते त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. पिल्लू मात्र पहिल्या दिवशी दिवसभर शहाण्यासारखं वागलं आणि माझा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने माझी चप्पल शोधून काढून फाडली तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. पिल्लाला शिकवायला म्हणून एक तरुण येतो, तो म्हणतो की बोलावल्यावर आलं तर कधी रागवायचं नाही, नाहीतर पुन्हा येणार नाही. आणि 'थांब' शिकायला अजून बरेच आठवडे लागतील, आत्ता त्याची अपेक्षा धरू नका. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, जितके आठवडे जास्त तितकी याची फी. पिल्लाला अजून नाव ठेवलेलं नाही. नाव ठेवलेली वस्तू परत करता येत नाही.

तुम्हाला कळलं असणार, मी हे सगळं कुठे नेते आहे ते. कसब्यातल्या आपल्या दोन खोल्या, आणि जिन्याखाली मला सापडलेलं ते तांबूस पिल्लू. मी चौथीत असेन. मी हट्ट धरला, आई मधे पडली, आणि तुम्ही हो किंवा नाही न म्हणता परीक्षा ठेवलीत. परीक्षा तुम्ही सगळ्यांचीच घ्यायचात, टेबलावर लाडू ठेवून माझी कितीदा घेतली असेल. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत तूप लावलेली पोळी ठेवायची, पिल्लाला बाहेर बसवून 'थांब' म्हणायचं, आणि आपण दाराआड उभं राहायचं. उंबरा ओलांडला नाही तर राहील. ओलांडला तर जाईल. मी दाराआड तुमच्या पुढ्यात उभी आहे. फटीतून मला पिल्लाचे पुढचे पाय दिसताहेत. मी श्वास घेते, त्याला काहीतरी सांगायला, ते काय ते मला आज आठवत नाही, आणि तुमचा हात येऊन माझ्या तोंडावर बसतो. हाताला मशीनच्या तेलाचा वास आहे. जोरात दाबलेला नाही, पण हलवता येत नाही. पिल्लू उठतं आणि उंबरा ओलांडतं. तुम्ही म्हणता, "बघितलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याला पिशवीत घालून सायकलला अडकवलंत आणि कामावर जाता जाता कुठेतरी सोडून आलात. कुठे ते सांगितलं नाहीत. मी कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हाला ते कळलं तरी का, हे मला माहीत नाही.

त्यानंतरचं एक तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्यांत तुमच्या कंपनीच्या बसमधले एक गृहस्थ होते. ते आईला म्हणाले की स्वारगेटला, जिथे तुम्ही सायकल लावून बसची वाट बघायचात, तिथे एक तांबडा कुत्रा असायचा आणि वर्षानुवर्षं तुम्ही रोज डबा उघडून त्याला एक पोळी घालायचात. बस आली तरी त्याचं खाऊन होईपर्यंत चढायचा नाहीत आणि ड्रायव्हर तुमच्या नावाने ओरडायचा. आई रडली नाही, हसलीही नाही. "तरीच," एवढंच म्हणाली. कारण डब्यात एक पोळी जास्त घाल, भूक वाढली आहे, असं तुम्ही तिला सांगितलं होतंत आणि अंगावर तर मूठभर मांस चढत नव्हतं. तिला वाटायचं, कारखान्यात कोणाला तरी जेवू घालताय. तिचा तुमच्यावर संशय होता, बाबा, ही गोष्ट ऐकून तुम्हाला गंमत वाटेल.

मी त्या गृहस्थांवर विश्वास ठेवला नाही. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड बोलतात. तांबडी कुत्री पुण्यात गल्लोगल्ली असतात, तो तोच कशावरून? आणि मग मी तुमचाच प्रश्न विचारला, यात त्यांचा काय फायदा? त्यांना आमच्याकडून काही नको होतं. चहासुद्धा त्यांनी अर्धा ठेवला. पुन्हा कधी ते आले नाहीत. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न अधूनमधून काढून बघते आणि मला अजून त्यांचा फायदा सापडलेला नाही. तुमच्यावर राग धरून ठेवणं मला सोपं गेलं असतं. त्या माणसाने ते अवघड करून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांचाही राग येतो.

आज रविवार. सकाळी मी पोळीला तूप लावलं. या फ्लॅटला स्वयंपाकघराचा उंबरा म्हणजे संगमरवराची एक पट्टी आहे, पण आहे. नवरा हॉलमध्ये त्याची मोठी बॅग उघडून बसला होता. म्हणाला, "एवढंसं लेकरू आहे थे, अन् तू त्याची परीक्षा घेऊन राहिली?" मी म्हटलं, घेऊन बघायला काय जातं. पिल्लाला बाहेर बसवलं, 'थांब' म्हटलं, आणि पोळी आत ठेवून दाराआड गेले. नवरा जाणार, मग या घरात मी आणि ते पिल्लू, किंवा मी आणि चिकटवलेल्या वायरी. आणि हे ठरवायला माझ्याजवळ काय होतं, तर तुमची एक पोळी.

पिल्लू उठलं. उंबरा ओलांडला. पोळीपाशी आलं, तिच्यावरून नाक फिरवलं, आणि तिला तिथेच सोडून दाराच्या मागे मला शोधत आलं. माझ्या पायावर बसलं. पोळी तशीच होती.

मी तिथेच खाली बसले आणि निकाल काय द्यायचा याचा मला पहिल्यांदाच विचार करावा लागला. तुमच्या नियमाने ते नापास. लाल टोक आत गेलं की माल रिजेक्ट, बाकी काही बघायचं नसतं. पण ते पोळीसाठी आलंच नव्हतं. आणि मग मला ते दुसरं पिल्लू आठवलं, जिन्याखालचं. त्याने उंबरा ओलांडला हे मी पाहिलं आहे. पण पुढे? त्याने पोळी खाल्ली होती का, बाबा? मी कितीही जोर लावला तरी मला पोळी दिसत नाही. तुमचा हात दिसतो, त्याचे पाय दिसतात, "बघितलंस?" ऐकू येतं. ते पोळीकडे चाललं होतं की आपल्याकडे, हे तुम्ही पाहिलं होतंत का? मला संशय येतो की पाहिलं होतंत, आणि म्हणून तो स्वारगेटचा कुत्रा. हा संशय मात्र मला सोडवत नाही. माझ्या सगळ्या संशयांमध्ये एवढा एक खरा निघावा असं मला फार वाटतं.

नवऱ्याने हॉलमधून विचारलं, "काय मग? पास का नापास?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा घ्यावी लागेल. तो म्हणाला, "पण थो माणूस तं आजपर्यंतच वापस घेणार होता ना?" मी हो म्हटलं. त्याने बॅगेत दोन शर्ट ठेवले.

हे पत्र मी तुमच्या गेजखाली ठेवणार आहे. पाठवायचं तरी कुठे? शिवाय तुमच्या हातात पडलं असतं तर तुम्ही आधी मला एकच विचारलं असतंत, की परीक्षा नीट घेतलीस ना, मधे काही ढवळाढवळ केली नाहीस ना. तुमच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून सांगून टाकते. पिल्लू पोळीपाशी पोचलं, त्याने नाक खाली घातलं, आणि दाराआडून मी त्याला हळूच चुचकारलं. माझ्या तोंडावर या वेळी कोणाचा हात नव्हता.