अक्का, तुझ्या मैदानावरून पत्र आलंय

प्रिय अक्का,

काल दुपारी पोस्टमन तुझ्या नावाचं पत्र माझ्या हातात देऊन गेला. तेच निळं, पातळ, घडी घालून चिकटवलेलं विलायती पत्र. "बाई गेल्याचं ठाऊक आहे मला," तो म्हणाला, "पण परत तरी कसं पाठवू? सतरा वर्षं मीच आणून देतोय."

डोरीनबाईंचं पत्र. त्यांना अजून कळलेलंच नाही. तू जाऊन पाच महिने झाले, आणि मैदानं गाजवणाऱ्या तुझ्या भावाला त्या एका बाईला दोन ओळी लिहिणं जमलं नाही. आज उत्तर लिहायला बसलो आणि पेन अडलं. त्यांच्याआधी तुला काही सांगायचं राहिलं आहे.

आपण आत्मा मानत नाही. मेलेल्या माणसापर्यंत काही पोचत नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून ठणकावून सांगेन. तरी लिहितो आहे. हसू नकोस.

तुला आठवतं, हे कसं सुरू झालं? ट्रेनिंग कॉलेजातल्या तुझ्या इंग्रजीच्या बाईंनी परदेशातले पत्ते वाटले होते. बाकीच्या मुलींनी एक-दोन पत्रं लिहिली आणि सोडून दिली. तू नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झालीस, आई गेल्यावर मला वाढवलंस, कॉलेजात घातलंस, आणि महिन्याला एक पत्र डोरीनबाईंना लिहीत राहिलीस. पहिल्याच पत्रात त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे रस्त्यावर हत्ती असतात का? तू उलट विचारलंस, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे? त्यांनी लिहिलं, काही नाही. कापडाच्या गिरण्या, पाऊस आणि फुटबॉलचं मैदान.

त्या मैदानाने तुला धरलं ते कायमचं.

किती वेळा तू मला त्याचा इतिहास सांगितला असशील! गिरणीच्या बॉयलरमधली राख कामगारांनीच हातगाड्यांनी वाहून आणली, तिचा उतार रचला आणि त्या उतारावर उभं राहून खेळ बघितला. मालक लोकांना लाकडी छपराखाली बसायला खुर्च्या. राख वाहणारे जवळजवळ शंभर वर्षं पावसात उभे. मी तेव्हा नुकताच चळवळीची पुस्तकं वाचू लागलो होतो, डोक्यात नुसती आग होती. मी म्हणालो, "बघ अक्का, तिथंही तेच." तू म्हणालीस, "तेच आहे. पण पुढचं ऐक."

पुढचं म्हणजे दार. लोखंडी फिरतं दार, एका वेळी एकच माणूस आत. माणूस गेला की खट्ट, आणि यंत्रावरचा आकडा एकाने वाढायचा. डोरीनबाईंचे वडील आठवडाभर गिरणीत आणि शनिवारी त्या दारावर बसत. मालक असो की झाडूवाला, दारात तो एकच. ना अर्धा, ना दीड. ही गोष्ट सांगताना तुझा आवाज बदलायचा. ज्यांची सावली टाळली गेली, अशांच्या घरात आपण जन्मलो. माणूस म्हणून मोजलं जाणं म्हणजे काय, ते तुला मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त कळत होतं.

शिवाय त्या वडिलांची एक चोरी होती. कडेवर मूल घेऊन कुणी आलं की ते दोघांना मिळून एकच खट्ट करायचे. त्यामुळे मैदानावरचा आकडा खऱ्यापेक्षा नेहमी थोडा कमी. तू मला चिडवायचीस, "भास्कर, जगात एक तरी जागा आहे बघ, जिथं गर्दी कमी सांगतात."

फुटबॉल मात्र तुला कधी कळला नाही. एकदा देवळालीला मी तुला सामना दाखवायला नेलं. अर्धा तास तू बघितलंस आणि म्हणालीस, "यांचं दार कुठंय? कोण आलं, कोण गेलं, कुणाला कळणार?" झालं, निघालो परत.

मग तू माझ्या सभा मोजायला लागलीस.

तुझ्या वर्गात चाळीस मुलं. नजरेने चाळीस माणसं वेगळी काढायची तुला सवयच होती. मी बोलत असायचो आणि तू बायकांमध्ये मागे बसून वर्ग मोजत असायचीस. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, विराट सभा. पण द्वारका चौकातून घरी चालत येताना तू खरं सांगायचीस. "बावीस वर्ग होते. आणि अर्धा वर्ग चहाच्या टपरीवर, तो तुझा नाही." मला राग यायचा. एकदा मी म्हणालो, "अक्का, लोकांचा उत्साह मोजता येत नाही." तू म्हणालीस, "म्हणूनच लोक मोजते."

तुझ्याइतकं खरं माझ्याशी कुणी बोललं नाही. हे तुला कधी सांगितलं होतं का मी? नाही.

नंतर डोरीनबाईंच्या गावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. राखेच्या उतारावर गवत उगवलं. महायुद्ध संपल्यावर त्या मैदानावर झालेल्या सगळ्यात मोठ्या गर्दीचा आकडा तुला तोंडपाठ होता, आणि आता त्याच्या चौथाईही लोक येईनात. "कामगाराचं काम गेलं की त्याचा शनिवारही जातो," तू म्हणालीस. ते वाक्य मी अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या सभेत वापरलं. टाळ्या मला मिळाल्या.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती.

साडेतीन वर्षांपूर्वी डोरीनबाईंचं एक लांबलचक पत्र आलं. त्यांच्याच भागातल्या दुसऱ्या एका मैदानावर खेळ चालू असताना लाकडी स्टँडला आग लागली. माणसं मागे पळाली. मागची दारं बंद होती. तू ते पत्र मला वाचून दाखवत होतीस आणि मी हूं हूं करत भाषणाचे मुद्दे काढत होतो. अंबडच्या कारखान्यातून काढलेल्या कामगारांसाठी रविवारी सभा होती. शाळेचं पटांगण, चारी बाजूंनी भिंत, पुढे एक दार, मागे एक.

मागच्या सभेला माझं भाषण संपायच्या आत चांदवडकडचे लोक शेवटच्या एसटीसाठी मागच्या दाराने सटकले होते. व्यासपीठावरून ते दिसतं, अक्का. माणसांच्या पाठी दिसल्या की बोलणारा पुढचं वाक्य विसरतो. म्हणून या वेळी मी काशिनाथला, आपल्या त्या स्वयंसेवकाला, सांगितलं, माझं भाषण सुरू झालं की मागच्या दाराला कुलूप घाल.

पटांगण खच्चून भरलं. वर कापडी मांडव, त्यातून ओढलेल्या उघड्या वायरी. मी बोलायला उभा राहिलो. तू मागच्या दाराजवळ होतीस. तिथं काय झालं, ते मला काशिनाथने फार नंतर सांगितलं.

"काशिनाथ, किल्ली दे."

"अक्का, भास्करभाऊंनी सांगितलंय, कुलूप काढायचं नाय."

"भास्करभाऊला मी बघते. किल्ली दे."

"लोक निघून जातील ना, अक्का. सभा लय जोरात हाय."

"जाऊ देत. ज्याला जायचंय त्याला जाता आलं पाहिजे. माझ्या वर्गाला मी कधी कडी लावली नाही."

त्याने किल्ली दिली. त्याची मुलगी तुझ्याच वर्गात शिकलेली, देणार नाही तर काय करणार?

दार उघडलं. आधी एसटीवाले गेले. ते जाताना बघून बाकीच्यांना वाटलं, सभा संपली. दहा मिनिटांत अर्धं पटांगण रिकामं. आणि मी, तुझ्या पैशाने शिकलेला, समतेवर तासभर बोलणारा मी, माइकवरून म्हणालो, "ज्यांना चळवळीपेक्षा एसटी प्यारी आहे त्यांनी खुशाल जावं. आणि ज्यांनी दार उघडलं, त्यांनीही जावं."

तू उठलीस. पदर सारखा केलास आणि त्याच दाराने निघून गेलीस.

मांडवाला आग लागली नाही. कुणी चेंगरलं नाही. काहीच झालं नाही. तू बरोबर होतीस याचा पुरावा कधीच मिळाला नाही, कारण दार उघडं होतं. जे घडलंच नाही ते कुणाला दाखवायचं?

लोक बोलू लागले. अक्काने सभा मोडली. कुणी म्हणालं, कंपनीच्या माणसांशी तिचं बोलणं झालं असणार. महिलांच्या बैठकीच्या निरोपाची चिठ्ठी तुझ्याकडे येईनाशी झाली. कुलूप मी घालायला लावलं होतं, हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि काशिनाथला. तिसरी तू. काशिनाथ माझ्याकडे बघून गप्प राहिला. मी कुणाकडेच न बघता गप्प राहिलो.

आणि तू का गप्प राहिलीस, अक्का? एक वाक्य पुरलं असतं. त्यानंतरही मी जेवायला आलो की तू भाकरी वाढत होतीस, तब्येत विचारत होतीस. फक्त माझ्या सभांना येणं सोडलंस. मी मनात म्हणायचो, तिला राग आहे, जाईल. तीन वर्षं गेली. मग तुझं दुखणं आलं आणि महिन्याभरात सगळं आटोपलं. दवाखान्यात मी दोनदा विषय काढायला गेलो. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "डोरीनला पत्र टाकायचं राहिलंय रे." आणि मी विषय तसाच घेऊन घरी आलो.

कालचं पत्र मी उघडलं. क्षमा कर, तुझ्या नावाचं होतं. डोरीनबाई लिहितात, त्यांचं ते जुनं लाकडी छप्पर पाडलं, आता तिथं मोकळं आकाश दिसतं. वडील असते तर रडले असते. जिकडेतिकडे दारं रुंद करताहेत. आणि मग हे, मला जमेल तसं मराठीत करतो:

"ही नवी दारं बघते तेव्हा तुझ्या भावाची ती सभा आठवते. लोकांना शेवटची गाडी गाठता यावी म्हणून तू दार उघडलंस, आणि त्याने सर्वांसमोर व्यासपीठावरून तुझे आभार मानले. आमच्याकडे इतकी वर्षं कुणाला दाराचं महत्त्व कळलं नाही. तू भाग्यवान आहेस."

मी ते चार वेळा वाचलं.

माझ्या तोंडावर खरं सांगणारी तू. परक्या देशातल्या एका बाईसमोर भावाची मान खाली जाऊ नये म्हणून एवढं एक खोटं लिहिलंस. की ते तुझ्यासाठी होतं? तसं झालं असतं तर तुला बरं वाटलं असतं, एवढंच तुला कुठेतरी लिहून ठेवायचं होतं? विचारायला तू नाहीस.

येत्या रविवारी त्याच पटांगणात सभा आहे. काशिनाथला सकाळीच सांगून आलो, दोन्ही दारं सताड उघडी ठेव. तो म्हणाला, "भाऊ, लोक उठून जातील." म्हटलं, जाऊ देत, पण सगळे यायची वाट मात्र मी बघेन. तू ज्यांच्यात बसायचीस त्या बायका, तुझ्याबद्दल वाईट बोललेली माणसं, तरुण पोरं, सगळे. मग पहिलं वाक्य म्हणेन की कुलूप मी घालायला लावलं होतं. दुसऱ्या वाक्यात तुझे आभार मानेन, तुझं पूर्ण नाव घेऊन. त्यानंतर किती जण ऐकायला थांबतात ते बघू.

आणि घरी येऊन डोरीनबाईंना लिहीन, की अक्का गेली. आणि तिने तुम्हाला कळवलं होतं ते सगळं खरं आहे, फक्त आभार मानायला तिच्या भावाला साडेतीन वर्षं उशीर झाला.

तुझा,
भास्कर