पेटीतला पाला

९ ऑक्टोबर

पुस्तकं, पुस्तकं, पुस्तकं! सुशीलाकाकूंच्या सेक्टर ३० मधल्या घरात आता बसायलाही जागा नाही. चंदीगडातल्या मराठी घरांनी इतकं जपून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. जवळच्या पिंजौरहूनसुद्धा एक पोतं आलं. सगळं जाणार आफ्रिकेत, शांतिसेनेतल्या आपल्या मराठी जवानांना. माझा नवरा हर्षवर्धन तिथेच आहे. माझ्या मैत्रिणीचा, मधुवंतीचा नवरा अंशुमनही. दोघे एकाच तुकडीत.

हात चालू असले की भीती जरा गप्प बसते. म्हणून मी जाते. बाकी समाजसेवा वगैरे काही नाही!

११ ऑक्टोबर

तिकडे पेटी सोडवून घेणाऱ्याचं नाव वर लिहावं लागतं. मी हर्षवर्धनचं लिहिलं, मधुवंतीने अंशुमनचं. ही बाई प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकते — बसचं तिकीट, मोरपीस, वाळकं फूल, सगळं बाहेर! मी कडुनिंबाचा पाला काढला तर ओरडलीच. "ज्ञानदा, पाला-बिला नको हं यार! पक्का अडवतील."

अगं, पण कसर लागेल त्याचं काय? आमच्या साताऱ्याच्या घरी पाला घातल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही. ती चहा ठेवायला उठली तेव्हा माझ्या पेटीतल्या पुस्तकांत गुपचूप सारला. तिच्या पेटीला हात लावला नाही. खाऊ दे कसरीला!

१९ ऑक्टोबर

पेट्या पोचल्या. हर्षवर्धनचा फोन — उद्या दोघे शहरातल्या विमानतळावर जाऊन आणणार. तो रस्ता! मागच्या महिन्यात तिथेच गोळीबार झाला होता.

"पुस्तकांसाठी कशाला जीव धोक्यात घालता?" म्हटलं.

"पोरं रोज विचारतात गं. आणि पेटीवर नाव माझंच आहे ना."

ते नाव मी लिहिलं. जेवण गेलं नाही.

२० ऑक्टोबर

फोन नाही. धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

२१ ऑक्टोबर

टीव्हीवर खाली पट्टी — विमानतळावरून परतणाऱ्या शांतिसेनेच्या ताफ्यावर हल्ला. नावं नाहीत. काहीच नाही!

मधुवंती धावत आली. एकमेकींचे हात धरून नुसत्या बसून होतो. पेट्या पाठवायची हौस कुणाची? आमची! दोघींच्या मनात तेच होतं. मैत्रेयी शाळेतून आली. "मम्मा, पापा का फोन आया?" मी म्हटलं, येईल. तिने दप्तरही उतरवलं नाही, तशीच दारात उभी राहिली.

मला फार भीती वाटते आहे. देवा, त्याला परत दे, मी पुन्हा एकही पुस्तक पाठवणार नाही.

२२ ऑक्टोबर, सकाळी

फोन आला! त्याचा! आधी आवाजच ओळखू येईना.

तो ताफ्यात नव्हता! माझी पेटी विमानतळावर अडवली — बाहेरचा झाडपाला तिथे चालत नाही. "एकेक पुस्तक उघडून पाला वेचत बसलो होतो. ताफा थांबेना, निघून गेला. तुला काय शिव्या घातल्या गं मी..." पुढे त्याला बोलवेना. मग लाइनच गेली.

मी रडले, हसले, मैत्रेयीला उचलून घेतलं — एवढी घोडी झाली आहे! काकूंना फोन करून सांगितलं, त्याही रडल्या. आता मधुवंतीकडे निघाले आहे, पायात चप्पल घालूनच हे लिहिते आहे. अंशुमनही त्याच्याबरोबरच थांबला असणार.

२२ ऑक्टोबर, दुपारी

अंशुमन गेला. त्याची पेटी लगेच सुटली होती. मधुवंतीने प्रत्येक पुस्तक झटकून भरलं होतं.