पाचवीचा वर्ग भरला, सर

सर, यंदा पाचवीचा वर्ग भरला. मागच्या वर्षी तो बंद पडतो की काय अशी वेळ आली होती. संस्थेच्या मीटिंगमध्ये चिटणीस सरळ म्हणाले की पट आला नाही तर वर्ग जाईल आणि त्याच्या मागोमाग मुलींचं वसतिगृहही जाईल. तळोद्यापासून वर डोंगराकडे आता इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरतात, नाक्यानाक्यावर त्यांचे फलक आहेत. आपल्याकडे गाडी नाही, आणि फलक आहे तो तुमच्या काळातला, त्याचाही रंग उडालाय. तरी वर्ग भरला, आणि तो मी भरला असं सगळे म्हणतात. मला अभिमान वाटतो, उगाच कशाला नाही म्हणू. हे ऐकायला तुम्ही हवे होतात असं सारखं वाटतं, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेत तुम्हाला पाहिलेल्या आता दोघीच उरलोय, मी आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली याहा. याहा म्हणजे मुलींच्या बोलीत आई, त्यांनीच ठेवलेलं नाव. आता तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात सापडतं.

नोकरीला लागले त्या उन्हाळ्यात तुम्ही मला धडगावकडे मुली आणायला पाठवलंत. मी तुमचीच विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली, पण वसतिगृहात कधी न राहिलेली, तापीकाठच्या केळीवाल्या घरातली; मला वाटलं यात काय अवघड आहे. जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून बसले, मांडीवर माहितीपत्रकांचा गठ्ठा. घाट चढताना मी ते पत्रक पाठ करून टाकलं. भव्य इमारत, सकस आहार, आरोग्याची सोय. वर एका घरात एका आईने विचारलं, पोरीला ताप आला तर कोण बघतं. मी म्हटलं, नर्सबाई आहेत. पुढे माझ्या मनाचं जोडलं की रोज गव्हाची पोळी मिळते. आमच्याकडे पाहुण्याला पोळी वाढली की मान राखला असं समजतात, तेव्हा मला ते फार मोठं आमिष वाटलं होतं. त्या घरातून मी मुलगी घेऊन आले आणि तुमच्यासमोर ताठ मानेने उभी राहिले.

पावसाळ्यात त्या मुलीला ताप आला. नर्सबाई फक्त गुरुवारी येतात, हे मला तेव्हा कळलं. तीन दिवस याहा तिच्या उशाशी बसून होती. मग आई आली. ती भांडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पोरीची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, पोरीचा हात धरला आणि फाटकातून निघून गेली. तुम्ही ते ऑफिसच्या खिडकीतून पाहत होतात. एरवी पुस्तकातलं मराठी बोलणारे तुम्ही चिडलात की अहिराणीत यायचात. 'तू लबाडी करी अशी नही,' तुम्ही म्हणालात. 'तुले माहीतच नव्हतं. लबाड मानूस परवडस, त्याले निदान खरं काय ते माहीत ऱ्हास. तुले तुन्ही शाळा माहीत नही, आनि तू लोकेसना घर जाईसन पोरी मांगस?' मी रडले. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात आणि म्हणालात, उद्यापासून शिकवून झालं की स्वयंपाकघरात जा.

मला ती शिक्षा वाटली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, पदर खोचलेला, हातात वही, आणि याहा चुलीपुढून मान न वळवता म्हणते, 'बाई, तू आधी पाणी भर, मंग इचार.' ती सगळ्यांनाच तू म्हणायची, तुम्हालाही. त्या वर्षी मी दिवाळीपर्यंत मुलींच्या पंगतीला जेवले, त्यांच्या रांगेत उभी राहून बादली भरली, पाचवीच्या मागच्या बाकावर बसून माझ्याच सहकाऱ्यांचे तास ऐकले. त्यातल्या एका बाईंचा आवाज तिसऱ्या बाकापुढे पोचत नाही हे मला तिथे कळलं, आणि ते तुम्हाला सांगताना मी आधी ऑफिसचं दार लावून घेतलं होतं. पंगतीत कळलं की वरून आलेल्या नव्या मुली पोळी खातच नाहीत. चघळतात, बाजूला ठेवतात आणि मग भिंतीपलीकडे टाकतात. घरी मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर खाल्लेल्या पोरी त्या, त्यांना पोळीने पोट भरल्यासारखं वाटत नाही. याहाला हे केव्हाचं ठाऊक होतं. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, 'कोनी इचारलं?'

नव्या मुलींना पहिले पंधरा दिवस मक्याची भाकर, हे तेव्हा सुरू झालं ते आजही चालू आहे. पण तुम्ही एवढ्यावर थांबणारे नव्हतात. हजेरीपटावर लाल शाईने ज्यांची नावं खोडली होती त्या मुलींची यादी तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, शाळेत आहेत त्या तुझं मन राखतील, सोडून गेल्या त्यांच्याकडे जा. याहाला सोबत घेऊन मी गेले, कारण मला त्यांची बोली येत नव्हती. त्या घरांमध्ये मला जे कळलं ते आपल्या एकाही फाइलमध्ये नव्हतं. न्हाणीघराची कडी आतून लागत नाही, म्हणून एक मुलगी गेली होती. बाकी बऱ्याचजणी होळीला गेल्या होत्या. आपण स्टाफरूममध्ये म्हणायचो, या लोकांना शिक्षणाची किंमत नाही, होळीला पळतात आणि परत येत नाहीत. एका मुलीच्या आजोबांनी समजावलं की वर प्रत्येक गावची होळी वेगळ्या दिवशी असते, आणि त्यांची दिवाळी तीच. शाळा सुट्टी देत नाही म्हणून पोरी न सांगता निघतात, आणि न सांगता गेलेल्या पोरी मार पडेल म्हणून परत येत नाहीत. इतकं साधं होतं ते. इतकी वर्षं शाळा उंटावरून शेळ्या हाकत होती.

तुम्ही ऐकून घेतलंत. कडी दुसऱ्या दिवशी बसली. होळीच्या सुट्टीवरून मात्र चिटणिसांशी तुमचं वाजलं, दारं लावून वाजलं, आम्ही व्हरांड्यात ऐकत होतो. शेवटी दिवाळीच्या सुट्टीतले दिवस काढून ज्या गावची होळी ज्या दिवशी, त्या गावच्या मुलींना तेव्हा सुट्टी, असं ठरलं. पुढच्या होळीला गेलेल्या सगळ्या मुली परत आल्या.  तळोद्याच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी टायरच्या तळव्याच्या चपला आणून टेबलावर ठेवल्यात, पावतीसकट, म्हणजे माप चुकलं तर बदलता येतील. माप बरोबर होतं.

आता नवीन शिक्षक येतात ते मोबाइलवर शाळेचा व्हिडिओ घेऊन गावात जायला निघतात. मी त्यांना म्हणते, आधी स्वयंपाकघर. ते तोंड वाकडं करतात, मीही केलं होतं. मला आज आपल्या शाळेचं काय ठाऊक नाही? कुठल्या वर्गाचं छप्पर गळतं, ते केव्हा दुरुस्त होणार आणि केव्हा होणार नाही. कुठली मुलगी पुढे नर्स झाली, कुठली दहावीला तीनदा बसली आणि का. गुरुवार सोडून ताप आला तर कोण बसतं. गावात मी हे सगळं सांगते, गळक्या छपरासकट, आणि बायका हसतात, जवळ सरकतात. मक्याच्या भाकरीचं सांगितलं की एखादी आत जाऊन भाकर घेऊन येते आणि म्हणते, अशी असते का? मी म्हणते, याहाची जरा जाड असते.

यंदा एक जागा राहिली होती. एकच मुलगी कमी, आणि तेवढ्यासाठी वर्ग जाणार. मे महिन्यात मी आणि याहा धडगावच्या वर एका पाड्यावर गेलो. मला बोली आता समजते, बोलता धड येत नाही, म्हणून ती अजून माझ्यासोबत येते. तिथे एका मुलीच्या आईने खूप विचारलं, मी सगळ्याची उत्तरं दिली, एकदाही अडले नाही. मग तिने विचारलं, तुझी पोरगी कुठे शिकते? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. माझी मुलगी नंदुरबारला इंग्रजी शाळेत आहे, सर. घरात सगळ्यांनी ठरवलं, मी दोन दिवस वाद घातला आणि गप्प बसले. मी त्या आईच्या डोळ्यांत बघून म्हटलं, 'आमच्याच शाळेत.'

याहाने ते तिच्या बोलीत सांगितलं. म्हणजे तसं मला आधी वाटलं. मग मला शब्द कळत गेले. ती सांगत होती, या बाईची पोरगी मोठ्या गावात इंग्रजीत शिकते, घरच्यांनी हिचं ऐकलं नाही. माझी नात मात्र याच शाळेत आहे, मी वाढते तेच खाते. तुझी पोरगी तिच्या शेजारी बसेल. आईने आपल्या पोरीकडे बघितलं. मग म्हणाली, जूनमध्ये आणते. उतरताना मी याहाला विचारलं, असं का सांगितलंस? ती म्हणाली, 'तू खोटं बोलून घरी जाशी. पोरगी रडल ती माझ्यापाशी.'

जूनमध्ये ती मुलगी आली, वर्ग वाचला. झेंडावंदनानंतर संस्थेने माझा सत्कार केला. चिटणीस म्हणाले, बाईंना शाळेचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे. याहा पटांगणाच्या कडेला मुलींना खाऊ वाटत होती. मी शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्या वाजल्या त्या ऐकल्या आणि खाली येऊन बसले. शेवटची जागा कोणी भरली हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं, सर.