सरकीची पोती

॥ श्री ॥
इतवारा, बऱ्हाणपूर
१२ ऑगस्ट १९५७

चि. दत्तूभावजींस कमलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागपूरचं ऑफिस भोपाळला हललं तशी तुमची पत्रंही हलली म्हणायची. बायको आल्यावर तरी लिहाल, असं आई म्हणतात.

तापी रोज चढतेय. कोटाखालच्या मोरीतून आपल्या गल्लीचं पाणी नदीत जातं ना, काल त्याच मोरीतून नदी उलटी गल्लीत आली. अंगणात घोटाभर पाणी होतं. कंबर मोडल्यापासून आई खालच्याच खोलीत असतात. माडीवर न्यायचं म्हटलं की ओरडतात. मला फार भीती वाटते. तुम्ही इंजिनिअरांच्या खात्यात अफसर आहात, काही उपाय कळवा.

तुमची,
कमल

भोपाळ
१६ ऑगस्ट

सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

इतकं घाबरायचं नसतं. उपाय सोपा आहे. नदी चढू लागली की दादाच्या दुकानातली सरकीची पोती मोरीत गच्च ठोका. सरकी भिजून फुगते, थेंबही आत यायचा नाही. आईला वाचून दाखवा की दत्तूनं लिहिलंय, खोलीत पाणी येणार नाही, माडीवर जायची गरज नाही. ती निवांत झोपेल.

तुमच्या हातच्या भरताची आठवण होते.

आपला,
दत्तू

इतवारा
२४ ऑगस्ट

चि. दत्तूभावजींस आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या. पोती ठोकली, नदी आली नाही. सारा मोहल्ला तुमचं नाव घेत होता. मग परवा गावातच पाऊस कोसळला. गल्लीचं पाणी जाणार कुठून? मोरी बंद. बाहेर नदी उतरली तरी आत पाणी वाढतच राहिलं. चार हमाल लागले, पण फुगलेलं पोतं बोटभर हलेना.

आईंच्या बाजेला पाणी लागलं. मी उचलायला गेले तर हात झटकला. दत्तूनं लिहिलंय म्हणाल्या, आणि तुमचं पत्र छातीशी धरून पडून राहिल्या. शेवटी तुमचे दादा कमरेला दोर बांधून उतरले, कोयत्यानं पोती फाडली. मोरी फुटली तशी पाण्यानं यांनाच आत ओढलं. निंबा हमालानं दोर सोडला नाही म्हणून आज मी कुंकू लावून हे लिहितेय.

भावजी, एवढं होऊनही आई नवी पोती भरायला लावताहेत. पोती नीट ठोकली नव्हती म्हणतात. शेजारच्या तीन गल्ल्यांनीही मोऱ्या बंद केल्यात. मी सांगायला गेले, तर भोपाळच्या अफसरानं लिहिलंय म्हणून मलाच हसले. आभाळ पुन्हा भरलंय. तार करू नका, तार कोणीही करतं. आई तुमचं अक्षर ओळखतात. लौकर लिहा.

तुमची,
कमल

भोपाळ
२७ ऑगस्ट

ती. सौ. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

आज तिकडे निघालेल्या एका गृहस्थांच्या हाती हे देतोय. परवा मीही निघतो.

वहिनी, मी अफसर नाही. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे मी मेणकापडावर गिरवतो. एक मोरीसुद्धा मी कधी बांधलेली नाही. आईला खोटं सांगितलं, मग तेच सगळ्यांना सांगत राहिलो. सरकीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानात पोती असतात, म्हणून सुचलं ते लिहिलं. काल आमच्या जुन्या ओव्हरसियरना विचारलं. ते आधी शिव्या देऊन मग म्हणाले, पाहिजे तेव्हा उघडता येत नाही अशी वस्तू मोरीत घालायचीच नाही. वर ओढता येईल अशी फळी बसवायची आणि पाऊस असेतो तिच्यापाशी माणूस उभा ठेवायचा.

हे पत्र चारी गल्ल्यांत माझं नाव घेऊन वाचा. लोक थुंकले तर थुंकू द्या, पण पोती निघाली पाहिजेत. सगळ्यांत आधी आईसमोर वाचा. ती नाही म्हणेल, हे दत्तूचं अक्षर नाहीच म्हणेल. तेव्हा तिचं काही ऐकू नका. बाज उचला.

रागावा, पण मला घरातलाच म्हणा.

तुमचा अपराधी,
दत्तू